बर्फात एकट्याने ट्रेकला जायचंय? उल्हासनगर कॅम्प २ मधून निघण्याआधी हे वाचा

डिसेंबर लागला की बदलापूरचा पारा दहा-अकरा अंशांवर आल्याच्या बातम्या येऊ लागतात. उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये सकाळी चहाच्या टपरीवर कानटोप्या दिसतात. आणि मोबाईल उघडला की एकच रील पुन्हा पुन्हा समोर येतं: पाठीवर सॅक, चहूकडे पांढराशुभ्र बर्फ आणि त्यातून एकटीच चालत जाणारी एक व्यक्ती.

मलंगगड, चंदेरी, तावली हे डोंगर ज्यांच्या घराच्या गच्चीवरून दिसतात, त्यांना या रीलची भुरळ पडणं साहजिकच आहे. 'मलंगगड एकट्याने केला, मग केदारकांठा का नाही?' हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो.

प्रश्न चुकीचा नाही. पण सह्याद्रीतला हिवाळा आणि हिमालयातला हिवाळा यांत नेमका काय फरक आहे? एकटं असल्याने धोका किती वाढतो? आणि जायचंच असेल तर सुरुवात कुठून करायची? समजून घेऊया.

आपल्या डोंगरांवर बर्फ का पडत नाही?

महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर म्हणजे कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. या अक्षांशावर हिवाळ्यातही हवेचं तापमान शून्याखाली जातं ते साधारण चार हजार मीटरच्याही वर. म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं, तरी आपण त्या थरापर्यंत पोहोचत नाही. शिवाय आपल्याकडचा हिवाळा कोरडा असतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी जे पांढरं दिसतं, ते गोठलेलं दव असतं. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा आणि विदर्भात शेतं पांढरी झाली होती, ती गारपिटीने. यातलं काहीच हिमवृष्टी नव्हे.

हिमालयात मात्र हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने वारे येतात. हवामान खातं त्यांना वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतं. ते ओलावा घेऊन येतात आणि उत्तराखंड, हिमाचल, काश्मीरमध्ये बर्फ पडतो. हे वारे एका दिवसात हवामान पालटवू शकतात. सकाळी निळंभोर आकाश असतं आणि दुपारी दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, असं तिथे सहज होतं.

केदारकांठ्याचं गणित

महाराष्ट्रातून हिवाळ्यात बर्फाच्या ट्रेकला जाणारे बरेच जण उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकांठ्याची निवड करतात. त्याची उंची ३,८१० मीटर. ट्रेकची सुरुवात सांकरी गावातून होते, ते साधारण १,९२० मीटरवर आहे. देहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरीमार्गे सांकरीला पोहोचायला जवळपास अख्खा दिवस जातो. हा भाग गोविंद पशुविहार अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाची परवानगी लागते.

आता हिशेब करूया. दर हजार मीटर उंचीला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी कमी होतं. सांकरीत ५ अंश असतील, तर त्याच वेळी शिखरावर उणे ७ च्या आसपास तापमान असणार.

त्यात वारा आला की गणित आणखी बिघडतं. हवा उणे ५ अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे १३ सारखं जाणवतं. लोकलच्या दारात उभं राहिल्यावर थंडी जास्त का वाजते, त्याचं कारणही हेच. फरक इतकाच, की लोकलमध्ये पुढच्या स्टेशनवर आत सरकता येतं.

आता हवेचा विचार करा. उल्हासनगर समुद्रसपाटीपासून जेमतेम वीसेक मीटरवर आहे. केदारकांठ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्केच असतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तितकाच कमी. २,५०० मीटरच्या वर अनेकांना डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं असा त्रास होऊ शकतो. याला अॅक्यूट माउंटन सिकनेस म्हणतात. तो वाढला तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू शकतं आणि जीवही जाऊ शकतो.

यावरचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. त्रास वाढत असेल तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं, मित्राने सांगितलं म्हणून घ्यायच्या नाहीत. तब्येत व्यायामाची आहे म्हणून हा त्रास होणार नाही, असंही नसतं. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्यालाही तो गाठू शकतो.

एकटं असल्याने नेमकं काय बदलतं?

बर्फातले बहुतेक धोके एकट्याला आणि गटाला सारखेच असतात. फरक पडतो तो उपायांत. बर्फातला जवळजवळ प्रत्येक उपाय सोबत दुसरं माणूस आहे, असं गृहीत धरून सांगितलेला असतो.

हायपोथर्मियाचंच घ्या. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की ही अवस्था सुरू होते. आधी हुडहुडी भरते. मग पाय अडखळतात, बोलणं बोबडं होतं, हातातून वस्तू पडतात, माणूस विनाकारण चिडतो. पुढे हुडहुडी थांबते आणि ते लक्षण सर्वात वाईट. काही जणांना शेवटच्या टप्प्यात उकडायला लागल्यासारखं वाटतं आणि ते अंगावरचे कपडे काढून टाकतात.

अडचण अशी, की थंडीचा पहिला घाला विचारशक्तीवर पडतो. आपल्याला काहीतरी होतंय हे ज्याला होतंय त्यालाच कळत नाही. सोबत कुणी असेल तर 'अरे, तू असा का बोलतोयस?' एवढा एक प्रश्न जीव वाचवतो. एकट्याला तो प्रश्न विचारायला कुणी नसतं.

हिमस्खलनाचंही तसंच. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वात जास्त असतो. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता बरीच असते, अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने कमी होते. गिर्यारोहक यासाठी अंगावर सिग्नल देणारं यंत्र बाळगतात. पण तो सिग्नल पकडून खणायला दुसरं माणूसच लागतं.

साधा मुरगळलेला पायही बर्फात साधा राहत नाही. मलंगगडावर पाय मुरगळला तर तासाभरात कुणीतरी भाविक येतो. बर्फात थांबलेलं शरीर लगेच थंड पडू लागतं. हालचाल बंद म्हणजे उष्णता बंद.

घडलेल्या घटना काय सांगतात?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलन झालं. त्यात उत्तरकाशीच्याच नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक सापडले. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. ही सगळी प्रशिक्षण घेणारी आणि देणारी माणसं होती, सोबत साधनं होती.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडमधल्याच सहस्रताल ट्रेकवर २२ जणांचा गट हिमवादळात अडकला. त्यात बहुतांश कर्नाटकातले ट्रेकर होते, महाराष्ट्रातली एक व्यक्ती होती आणि तीन स्थानिक गाईड होते. नऊ जणांचा मृत्यू झाला, १३ जणांची सुटका झाली. आपल्याकडे लोक पावसाची वाट बघत होते, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे थंडीने जीव जायला डिसेंबरच लागतो असं नाही.

एकट्याने बर्फात जाण्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण जपानच्या नाओमी उएमुरा यांचं. १९७८ मध्ये त्यांनी एकट्याने उत्तर ध्रुव गाठला होता. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या ४३ व्या वाढदिवशी, ते अलास्कातल्या देनाली शिखरावर पोहोचले. हिवाळ्यात एकट्याने हे शिखर सर करणारे ते पहिले. बर्फातल्या भेगेत पडू नये म्हणून ते अंगाला लांब बांबू बांधून चालत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी रेडिओवर संपर्क झाला. त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत. त्यांचा मृतदेहही मिळाला नाही.

उएमुरा निष्काळजी नव्हते. उलट तयारीसाठीच ते ओळखले जात. म्हणूनच त्यांचं उदाहरण महत्त्वाचं आहे. तयारीने धोका कमी होतो, संपत नाही.

परदेशी व्हिडिओतलं 'ते यंत्र' भारतात का चालत नाही?

युरोप-अमेरिकेतले एकटे ट्रेकर अनेकदा खांद्याला एक छोटं उपकरण अडकवलेलं दाखवतात. मोबाईलला रेंज नसली तरी ते उपग्रहाद्वारे मेसेज पाठवतं आणि एक बटण दाबलं की बचाव पथकाला ठिकाण कळतं. एकट्याने जाण्यातला मोठा धोका ते काही अंशी भरून काढतं.

भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं उपकरण बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटूकडे असं उपकरण सापडलं आणि तिला पोलीस कारवाईला सामोरं जावं लागलं. त्यामुळे ऑनलाइन मागवून ते सॅकमध्ये टाकण्याचा विचारही करू नका.

राहिला मोबाईल. ११२ हा आपत्कालीन क्रमांक देशभर चालतो, पण त्यासाठी कुठलं तरी नेटवर्क हवं आणि ट्रेकच्या वाटेवर ते अनेक ठिकाणी नसतं. शिवाय थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते. ४० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडू शकतो. म्हणून फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायची. नकाशा आधीच डाउनलोड करायचा आणि एक कागदावरही ठेवायचा.

जीन्सच्या गावातून निघताना जीन्स घरीच ठेवा

फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं उल्हासनगर आज जीन्ससाठी देशभर ओळखलं जातं. पण बर्फात जीन्ससारखा वाईट कपडा नाही. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओली जीन्स अंगाची ऊब बाहेर खेचत राहते. हेच सुती बनियन, सुती मोजे आणि हुडीलाही लागू आहे.

त्याऐवजी तीन थर वापरा.

पहिला थर: अंगालगत थर्मल. काम घाम बाहेर टाकण्याचं.
दुसरा थर: फ्लीस किंवा लोकर. काम ऊब धरून ठेवण्याचं.
तिसरा थर: वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट.

चढताना घाम येऊ लागला की एक थर काढा, थांबलात की लगेच घाला. घामाने भिजणं म्हणजे बर्फाने भिजण्यासारखंच. कानटोपी, लोकरी हातमोजे कॅम्प २ च्या बाजारात सहज मिळतात. पण लोकरी हातमोजे बर्फाला लागले की भिजतात, म्हणून त्यावर वॉटरप्रूफ हातमोज्यांची दुसरी जोडी हवी. बुटांना लावायचे लोखंडी दात म्हणजे मायक्रोस्पाइक्स, आणि बुटात बर्फ जाऊ न देणारे गेटर्स सांकरीसारख्या गावात भाड्याने मिळतात.

काळा चष्मा रीलसाठी नाही, डोळ्यांसाठी लागतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो. चष्मा नसेल तर काही तासांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि काही काळ दिसेनासं होऊ शकतं. वाटेवर एकट्याला दिसेनासं झालं, तर पुढचं सांगायला नको.

हे हमखास चुकतं

तहान लागली म्हणून बर्फ खाणं: बर्फ वितळवायला शरीराचीच उष्णता खर्च होते. पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून, उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

'गरम वाटावं' म्हणून दारू पिणं: दारूने त्वचेकडे रक्त धावतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीर आणखी वेगाने थंड होतं.

बधिर झालेली बोटं चोळणं: हिमदंश झालेला भाग चोळल्याने इजा वाढते. त्यावर बर्फ चोळायचा, हा तर पूर्ण गैरसमज आहे. आडोसा गाठा, ओलं काढा, कोरडं घाला, बोटं काखेत धरा.

बंद तंबूत किंवा खोलीत स्टोव्ह, शेगडी पेटवून झोपणं: यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

शिखर गाठायचंच, असा हट्ट: उत्तराखंडमध्ये डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. गुडघाभर बर्फात चालण्याचा वेग निम्म्यावर येतो. म्हणून निघतानाच परतीची वेळ ठरवा. ती झाली की शिखर दोनशे मीटरवर असलं तरी मागे फिरा.

मग एकट्याने जायचंच नाही का?

काही ठिकाणी हा निर्णय सरकारनेच घेतला आहे. नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केला. उत्तराखंडमध्ये उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. त्यामुळे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. कुठल्या वाटेवर गाईड लागतो, कुठे मुक्काम चालतो, हे निघण्याआधी स्थानिक वनविभागाकडे विचारून घ्यायला हवं.

पण कायद्याच्या पलीकडे 'एकट्याने' या शब्दाचा अर्थही तपासायला हवा. मोठ्या गटाचा गोंगाट नको, आपल्या चालीने चालायचंय, शांतता हवीय, एवढंच हवं असेल तर ते एका स्थानिक गाईडसोबतही मिळतं. त्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला कुठला उतार कधी घसरतो हे ठाऊक असतं. तुमचे पैसेही गावात राहतात.

तरीही पुढे कधीतरी खरोखर एकट्याने जायचं असेल, तर पायऱ्या गाळू नका.

पहिली पायरी घराजवळची. तावली, चंदेरी, मलंगगड या डोंगरांवर आधी गटाने जा. दहा किलोची सॅक घेऊन, नकाशा वाचत चाला. चंदेरीच्या वरच्या कड्यासाठी जाणकार सोबत हवाच. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांमध्ये समन्वय साधणारं केंद्र आहे, मात्र त्यांचे स्वयंसेवक पोहोचायला तास लागतात, हे लक्षात असू द्या.

दुसरी पायरी थंडीची. डिसेंबर-जानेवारीत कळसूबाई किंवा रतनगडाच्या परिसरात रात्रीचा मुक्काम करा. आपले कपडे आणि झोपण्याची पिशवी किती पुरते, ते इथे कळू द्या.

तिसरी पायरी गाईडसोबत बर्फाचा ट्रेक. केदारकांठा इथे येतो. उंचीचा आपल्या शरीरावर काय परिणाम होतो, ते इथे समजतं.

चौथी पायरी प्रशिक्षण. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था इथे साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो. बर्फावर घसरल्यावर आइस अॅक्सने स्वतःला थांबवायचं कसं, हे व्हिडिओ बघून येत नाही. ते बर्फावर शंभर वेळा पडूनच येतं.

त्यानंतर एकट्याने जायचं ते छोट्या, वावर असलेल्या वाटेवर. उखीमठजवळच्या सारी गावातून देवरियाताल हा असा तीनेक किलोमीटरचा चढ आहे. सकाळी निघून दुपारी गावात परत येता येतं. तिथेही ताजा बर्फ पडत असेल तर थांबायचं. हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात देते. ते आणि हवामान खात्याचा अंदाज पाहिल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

निघण्याआधीचा शेवटचा कागद

विमा काढला असेल तर नीट वाचा. अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात.

आणि एक कागद घरी ठेवा. त्यावर वाट कुठली, मुक्काम कुठे, गाईडचा किंवा गावातल्या यजमानाचा नंबर, जवळचं पोलीस ठाणं, जॅकेटचा रंग आणि परतीची वेळ लिहा. सर्वात महत्त्वाचं वाक्य शेवटी: 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर ११२ ला कळवा.' तसाच एक कागद सांकरीत किंवा सारीत जिथे उतराल तिथे द्या. वाटेत बेत बदलू नका. बदललात तर शोध चुकीच्या दरीत सुरू होतो.

बर्फात पावलं एकट्याची उमटली तरी चालेल. पण तुम्ही वेळेत परतला नाहीत हे कुणाला तरी कळायला हवं. कॅम्प २ मधल्या घरात फ्रिजवर चिकटवलेला तो कागद सॅकमधल्या कुठल्याही महागड्या वस्तूपेक्षा जास्त कामाचा आहे. आणि तो फुकट आहे.